भाजलेल्या मुलांचं वेगळं शिबिर हवं का? तेही मे महिन्यात?

मानेवाड्याची मावशी:
आमच्या ग्रुपवर प्रस्ताव आलाय. भाजण्यातून बऱ्या होणाऱ्या मुलांसाठी मे महिन्यात रामटेकला पाच दिवसांचं शिबिर. माझी भाची ९ वर्षांची. दोन वर्षांपूर्वी आंघोळीच्या कढत पाण्याची बादली अंगावर आली. मागच्या उन्हाळ्यात साध्या छंदवर्गाला घातलं, तर तिसऱ्याच दिवशी एका पोट्ट्यानं विचारलं, "हे आम्हालेही होते का?" पोरगी परत गेली नाही. अमेरिकेत १९८०च्या दशकापासून असे कॅम्प भरतात, अग्निशमन दलाचे लोक त्यात राबतात. इथे का नको?

खामल्याचा काका:
माझा विरोध. पाच दिवस लाडाचे, अन् जूनअखेर शाळा उघडली की तोच वर्ग, त्याच नजरा. त्यापेक्षा शिकवणाऱ्या बाईंनी त्या पोट्ट्याला तिथंच समजावून सांगायचं होतं.

मानेवाड्याची मावशी:
सांगितलं ना काका. भाचीला सगळ्यांसमोर उभं करून सांगितलं. म्हणूनच ती परत गेली नाही.

फिजिओ, धंतोली:
वेगळं की एकत्र, यावरच भांडून राहिले सगळे. मे महिन्याचं काय? खोल भाजल्यावर जिथे कातडी लावतात तिथे घाम येत नाही, अंग आतून तापत राहतं. वरून प्रेशर गारमेंट, म्हणजे व्रण दाबून ठेवणारे घट्ट कपडे, दिवसाचे २३ तास. ते घालून ४५ अंशांत गडमंदिराच्या पायऱ्या चढवणार? कोवळ्या व्रणावर ऊन लागलं की डाग आणखी काळवंडतो, ते वेगळंच. शिवाय मूल वाढतं, व्रण त्याच्यासोबत वाढत नाही. रोजचा व्यायाम चुकला की सांधे आखडतात, त्यामुळे फिजिओ सोबत लागेलच. दिवाळीच्या सुट्टीत घ्या.

खामल्याचा काका:
दिवाळीत? फटाक्यांमध्ये? वा!

फिजिओ, धंतोली:
बरं, ते चुकलं माझं. डिसेंबरात घ्या.

इतवारीकर:
मी शाळेत असताना भाजलो. संक्रांत, पतंग, विजेची तार. आता ४१ चा आहे. माझ्यासारखा दुसरा पोरगा मला फक्त ड्रेसिंगच्या रांगेत दिसायचा, तोही रडताना. खेळताना एकही पाहिला नाही. कॉलेज संपेपर्यंत नागपूरच्या मे महिन्यात फुल बाह्यांचा शर्ट घालून फिरलो. काका, शाळेत जाऊन बोला, जरूर बोला, त्यानं शिबिर अडत नाही. माझी अट एकच आहे. पाहुणे, हार, दप्तरवाटप अन् फोटो नकोत.

खामल्याचा काका:
फोटो नाही तर देणगी कोण देईल बाप्पा? हे मी विरोधासाठी नाही म्हणत. दोन गणेश मंडळांचा हिशोब सांभाळलाय.

इतवारीकर:
मग शिबिर लहान करा. पंधरा पोरं पुरे.

मानेवाड्याची मावशी:
आता भाचीला विचारलं, डिसेंबरात जाशील का? म्हणाली, "थंडीत आंघोळीला गरम पाणी लागेल. ते कोण काढून देईल?" फिजिओ ताई, हे आयोजकांच्या यादीत सगळ्यात वर लिहा.