ऑफिसमधला रोल-प्ले हसण्यावारी जाऊ नये म्हणून काय करायचं?

नवा_सूत्रधार
ग्राहक-सेवा आणि प्रोग्रॅमर अशा दोन टीम, मिळून १६ जण, हातात दोन तास. 'ते आमचं ऐकूनच घेत नाहीत' ही तक्रार दोन्हीकडून. नाटकाची तंत्रं वापरून यावर सत्र घ्यायचं आहे. दोघांना पुढे उभं करायचं, एकाला 'चिडलेला ग्राहक' करायचं आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या, हा नेहमीचा प्रकार नको. प्रसंग कसा लिहायचा, वेळ कशी वाटायची, मॅनेजरांना घ्यायचं का, नंतरच्या चर्चेत विचारायचं काय? अभिनय कुणालाच येत नाही असं धरून चाला.

तिसरी_घंटा
अभिनय येत नाही हे बरंच आहे. ज्याला येतो तो प्रसंग खाऊन टाकतो.

'चिडलेला ग्राहक' फसतो कारण चिठ्ठीवर भावना लिहिलेली असते. माणूस मग त्या भावनेची नक्कल करतो, आवाज चढवतो आणि खोली हसते. चिठ्ठीवर गरज लिहा. चार ओळी पुरतात: या बोलण्यातून त्याला काय हवंय, ते नाही मिळालं तर त्याचं काय अडेल, त्याला ठाऊक असलेली पण समोरच्याला नसलेली एक गोष्ट, आणि तो कुठवर मागे सरकेल.

नमुना देतो. सेवा-प्रतिनिधी ग्राहकाला 'पाचपर्यंत दुरुस्ती मिळेल' असा शब्द देऊन बसलाय. ग्राहकाचा करार याच आठवड्यात संपतोय हे प्रोग्रॅमरला माहीत नाही. प्रोग्रॅमरकडे दुरुस्ती तयार आहे, पण चाचणीत जुन्या नोंदी पुसल्या जाताहेत. हे त्याने अजून कुणाला सांगितलेलं नाही, कारण चूक आपल्याच कोडमध्ये असावी अशी त्याला धास्ती आहे. आता राग कुणी सांगावा लागत नाही. तिसरी ओळ, म्हणजे लपलेली माहिती, हीच या चिठ्ठीतली खरी किल्ली. ती बाहेर काढणारा प्रश्न कुणी विचारतो का, एवढंच बघायचं असतं.

ऑफिसात खरोखर झालेलं भांडण घेऊ नका. नावं बदलून उपयोग नाही, लोक दुसऱ्या वाक्याला ओळखतात. पेच तोच ठेवून धंदा बदला: छापखाना आणि विक्री विभाग, गोदाम आणि हिशेबनीस, काहीही.

वेळेचं गणित असं. १५ मिनिटं अंग मोकळं करायला, १० मिनिटं नियम आणि चिठ्ठ्या, ३० मिनिटं छोटे गट, ४० मिनिटं सगळ्यांसमोरचा एक प्रसंग, २५ मिनिटं चर्चा. छोट्या गटात तिघे: दोघे खेळणारे, एक निरीक्षक. तुमच्या १६ जणांचे तिघांचे चार गट आणि चौघांचा एक. सगळे गट एकाच वेळी खेळतात, त्यामुळे प्रेक्षकच उरत नाही आणि लाज निम्म्यावर येते. चार मिनिटं खेळ, सहा मिनिटं बोलणं, मग भूमिका फिरवा. अशा तीन फेऱ्या. दर फेरीला नवी चिठ्ठी द्या, नाहीतर दुसऱ्या फेरीत सगळ्यांना सगळंच माहीत असतं. चौघांच्या गटात दोन निरीक्षक ठेवा.

सुरुवातीला आरशाचा खेळ घ्या. जोडीतला एक हालचाल करतो, दुसरा त्याचं प्रतिबिंब. दोन मिनिटांनी अदलाबदल. नियम एकच: प्रतिबिंब मागे पडलं तर चूक पुढे असणाऱ्याची. घाईघाईत सूचना देऊन 'कळत कसं नाही' म्हणणाऱ्यांना ही गोष्ट भाषणापेक्षा लवकर पोचते.

विंगेतून
त्या ४० मिनिटांसाठी फोरम थिएटर घ्या. ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआल यांनी १९७०च्या दशकात ते घडवलं. तीन मिनिटांचा प्रसंग, शेवट मुद्दाम बिघडलेला. पहिल्यांदा सलग दाखवायचा. दुसऱ्यांदा सुरू झाला की बघणाऱ्यांपैकी कुणीही 'थांबा' म्हणून उठायचं, ज्याचं काम अडलंय त्याची जागा घ्यायची आणि तिथून पुढे आपल्या पद्धतीने न्यायचं. खेळ चालवणाऱ्याला बोआल 'जोकर' म्हणत. तो उपाय सुचवत नाही, फक्त विचारतो.

इथे तीन ठिकाणी घसरायला होतं.

पहिलं, लोक अडवणाऱ्याचीच जागा घ्यायला धावतात. प्रेमळ साहेब होऊन रजा मंजूर करून टाकली की प्रसंग संपला, शिकायला काही उरलं नाही. अशा जादूच्या उत्तराला जोकरने हसत 'हे उद्या कामावर घडेल का?' एवढंच विचारावं.

दुसरं, अडवणाऱ्याची भूमिका करणारा एक तर लगेच विरघळतो, नाहीतर हट्टाने भिंत होऊन बसतो. त्याला आधी अर्धा तास वेगळं बसवून सराव द्या. वैद्यकीय शिक्षणात हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ साली रुग्णाची भूमिका करणारी प्रशिक्षित माणसं वापरायला सुरुवात केली. आज परीक्षांमध्ये अशा 'रुग्णा'कडून अपेक्षा हीच, की प्रत्येक विद्यार्थ्यासमोर त्याने तेवढंच अडावं आणि योग्य प्रश्न आला तरच तेवढंच उलगडावं. तुमच्या अडवणाऱ्यालाही हेच माप लावा. प्रत्येक प्रयत्नानंतर त्याला विचारा, 'कोणत्या वाक्याला तू जरा सैल झालास?' या एका प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा सगळ्या चर्चेपेक्षा कामाचं निघतं.

तिसरं, असा प्रसंग निवडला जातो ज्यात करण्यासारखं काही उरलेलंच नसतं. नोकरी गेल्याचं पत्र हातात पडल्यावरचा प्रसंग घेऊ नका, आठवडाभर आधीची बैठक घ्या.

कुणीच उठलं नाही तर लगेच आर्जवं करू नका. 'शेजाऱ्याशी एक मिनिट बोला, तुम्ही काय केलं असतं?' असं म्हणा. त्यातून एखादा उठतो. पाच-सहा प्रयत्न झाले की थांबवा.

एक कुरकूर नोंदवून ठेवतो. बोआल यांचं नाटक दबलेल्या माणसांसाठी होतं. तेच ऑफिसात 'जरा समजून घ्या' शिकवायला वापरलं की उलटतं. माणसं कमी आणि कामं जास्त असतील तर तो संवादाचा प्रश्नच नाही. तिथे रोल-प्ले घेणं म्हणजे थकलेल्यालाच 'नीट बोलायला शीक' म्हणणं. आधी ते तपासा.

रिकामी_खुर्ची
वरच्या दोघांच्या मांडणीत भूमिकांची अदलाबदल सुटली. याकोब मोरेनो यांनी १९२१ साली व्हिएन्नात सायकोड्रामाची, म्हणजे नाटकातून करायच्या मानसोपचाराची, सुरुवात केली. भूमिका उलटवणं हे त्यातलं मुख्य तंत्र. ऑफिसात उपचार करायचे नाहीत, पण त्याचं सौम्य रूप चालतं. प्रोग्रॅमर सेवा-प्रतिनिधी म्हणून खुर्चीत बसतो आणि पाच मिनिटं त्याची मुलाखत घ्यायची: सकाळी आल्यावर पहिलं काय उघडतोस, कोणता फोन टाळावासा वाटतो, घरी जाताना डोक्यात काय राहतं? उत्तरं 'मी'नेच द्यायची. 'ते लोक' सुरू झालं की थांबवून पुन्हा विचारा.

यापुढची पायरी बहुतेक जण गाळतात आणि तिथेच सगळं फुकट जातं. ताल एयाल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ साली २५ प्रयोग प्रसिद्ध केले. दुसऱ्याच्या जागी स्वतःला कल्पून त्याच्या मनातलं अधिक अचूक ओळखता येतं, असं त्यांत दिसलं नाही. अचूकता वाढली ती त्या माणसालाच विचारल्यावर. म्हणून मुलाखत संपली की प्रत्यक्ष सेवा-प्रतिनिधीने तीन गोष्टी सांगायच्या: काय बरोबर, काय चूक, काय राहूनच गेलं. भूमिका करणाऱ्याने फक्त ऐकायचं, सफाई द्यायची नाही. 'राहून गेलं' या रकान्यात सगळ्यात जास्त माल निघतो.

आणि भूमिकेतून बाहेर काढायला विसरू नका. खुर्ची सोडायची, चिठ्ठी टेबलावर पालथी ठेवायची, स्वतःचं नाव आणि 'मी या माणसासारखा कशात नाही' हे एक वाक्य. ओरडा खाल्लेला माणूस तसाच जेवायला गेला तर दिवसभर ते अंगावर राहतं.

नवा_सूत्रधार
निरीक्षकाने नेमकं काय टिपायचं? आणि मॅनेजरांचं राहिलं.

तिसरी_घंटा
निरीक्षकाच्या कागदावर दोनच रकाने: 'ऐकलेलं वाक्य' आणि 'त्यानंतर समोरच्याने काय केलं'. 'आत्मविश्वास छान होता' असलं काही नको. मराठीत एक गोष्ट कान देऊन टिपायला सांगा: 'तू', 'तुम्ही', 'आपण' कुठे बदललं. दबाव वाढला की 'तुम्ही'चं 'तू' होतं, किंवा उलट, रोजच्या 'तू'वरून माणूस थंडगार 'आपण'वर जातो. संबंध कुठे तुटला ते तिथेच दिसतं.

मॅनेजर खोलीत असतील तर त्यांनीही खेळायचं, कोपऱ्यात वही घेऊन बसायचं नाही. मात्र स्वतःच्या हाताखालच्या माणसाबरोबर गट नको, आणि त्यांची भूमिका मदत मागणाऱ्याची. इथलं काहीही कामगिरीच्या मूल्यमापनात जाणार नाही, हे त्यांनीच सुरुवातीला सगळ्यांसमोर म्हणायचं. ते म्हणायला तयार नसतील तर त्या दिवशी त्यांना न बोलावलेलं चांगलं. खेळायचं नसेल त्याने निरीक्षक राहायचं, कारण विचारायचं नाही.

विंगेतून
चर्चेत 'कसं वाटलं?' हा प्रश्न पहिला टाकू नका, 'मस्त' एवढंच उत्तर येतं. क्रम असा ठेवा: काय घडलं, कोणत्या क्षणी वळण लागलं, तिथे दुसरं काय म्हणता आलं असतं. शेवटी प्रत्येकाने येत्या आठवड्यात ज्याच्याशी बोलायचं आहे त्याच्यासाठी एक सुरुवातीचं वाक्य लिहायचं आणि शेजाऱ्याला मोठ्याने म्हणून दाखवायचं. कागदावर शहाणं वाटणारं वाक्य तोंडात बरेचदा अडकतं, मग ते तिथल्या तिथे बदलायचं.