नार्नियाचं सातवं पुस्तक मुलीला वाचून दाखवावं का?

वाळवण (धागाकर्ती):
गेले आठ महिने रोज रात्री मी मुलीला सी. एस. लुईसची नार्नियाची पुस्तकं वाचून दाखवते आहे. पहिल्या पुस्तकात चार भावंडं एका कपाटातून नार्निया या जादूच्या जगात शिरतात. ती चौथीत आहे, मराठी माध्यमात, म्हणून इंग्रजी वाचता वाचता मी मराठीत सांगत जाते. सातापैकी सहा झाली. त्यांतला एडमंड चेटकिणीच्या टर्किश डिलाइटला भुलतो तिथे मी 'कराची हलव्यासारखं काहीतरी' म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी तो हलवा घरात आणावाच लागला. अस्लन सिंहाला दगडी मेजावर बांधून मारतात आणि मग उंदीर येऊन त्याचे दोर कुरतडतात, तिथे ती माझा दंड घट्ट धरून रडली. पहाटे तो जिवंत उभा राहिला तेव्हा पलंगावर उड्या मारल्या.

आता राहिलं १९५६चं 'द लास्ट बॅटल'. मी आधी एकटीनं वाचून काढलं आणि अडले. त्यात टॅश नावाचा देव येतो. माणसाचा आकार, शिकारी पक्ष्याचं डोकं, वर उचललेले चार हात, वीस बोटं आणि त्या विसांनाही नख्या. तो जातो तिथलं गवत करपतं, सडका वास सुटतो. हा देव कोणाचा, तर दक्षिणेकडच्या कॅलोरमेन देशाचा. तिथले लोक सावळे, फेटे बांधणारे, वाकड्या तलवारी बाळगणारे. आमच्या देवघरात चार हातांची देवी आहे. लेकीनं विचारलं तर काय सांगू?

दुसरं म्हणजे सुसान. चार भावंडांतली थोरली बहीण. ती आता नार्नियाची मैत्रीण उरली नाही, असं तिचा भाऊच सांगतो, आणि ती फक्त नायलॉनचे मोजे, लिपस्टिक आणि पार्ट्यांची आमंत्रणं यांत रमली, असं दुसरी एक मुलगी.

अस्लनच्या मागे येशू आहे हे मला पहिल्या पुस्तकापासून ठाऊक आहे, त्याचा मला जराही त्रास नाही. त्रास त्या चार हातांचा आहे. वाचू की सहाव्यावरच थांबू?

उलटतपासणी:
थांबा. आणि आधीच्या सहांबद्दलही बोलू या.

मी बाराव्या वर्षी ही पुस्तकं वाचली. अस्लनवर जीव टाकला. कॉलेजात गेल्यावर कुणीतरी सहज म्हणालं, 'अरे, तो ख्रिस्त आहे ना.' घरात ओळखीच्या माणसानं आपलं पत्र उघडून वाचलेलं कळावं तसं वाटलं मला. लुईसनं १९५६च्या एका लेखात स्वतः लिहिलंय की, चर्चच्या वातावरणामुळे श्रद्धेच्या गोष्टींवर जे पहारेकरी ड्रॅगन बसलेले असतात, त्यांना चुकवून गोष्टीच्या रूपानं आत शिरता येईल असं त्याला वाटलं. म्हणजे मुलाच्या मनाचा पहारा चुकवायचा. मुलाला कळू न देता त्याच्या मनात काही पेरणं मला पटत नाही, मग ते कुठल्याही धर्माचं असो. आपल्याकडच्या संस्कारकथांनाही मी हेच म्हणतो.

फिलिप पुलमन या इंग्रज लेखकानं १९९८मध्ये 'गार्डियन' या वृत्तपत्रात या मालिकेवर कडाडून टीका केली होती. त्याचा सूर मला कधीकधी जास्तच चढा वाटतो, पण सुसानबद्दल तो बरोबर आहे. वयात आलेली मुलगी नटली, एवढाच तिचा अपराध.

वसईची पोर:
मी कॅथलिक, वसईची. माझा अनुभव अगदी उलटा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्या घरी उपवासकाळात क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या मरणाच्या वाटेवरची प्रार्थना, चुकायची नाही. चौदा ठिकाणं, दर ठिकाणी गुडघे टेकायचे. लहानपणी मला त्यातलं काहीच भिडायचं नाही, कारण काय वाटायला हवं ते आधीच ठरलेलं होतं. डोळ्यांत पाणी आलं नाही तर आपण वाईट मुलगी. मग दहाव्या वर्षी मावशीच्या घरी नार्नियाचं पहिलं पुस्तक हाती लागलं. अस्लन रात्री एकटाच मरायला निघालाय, सुसान आणि लूसी मागून जातात. तो त्यांना सांगतो, माझ्या आयाळीवर हात ठेवा, तुम्ही बरोबर आहात हे मला कळू दे. त्या दोघी त्याच्या आयाळीत बोटं रुतवून त्याच्या दोन्ही बाजूंनी चालतात. मी ते पान उघडं ठेवून कितीतरी वेळ बसले होते. त्या वर्षी गुड फ्रायडेला मी पहिल्यांदा खरी रडले. उलटतपासणी, तुम्ही म्हणता ते ड्रॅगन माझ्या मनात खरोखरच होते. ते चुकवून कुणीतरी आत आलं याचा मला आजही आनंद वाटतो.

आणि आपली श्रद्धा दुसऱ्या मुलखाच्या गोष्टीच्या रूपात सांगणं हे काही चोरटं काम नव्हे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूनं १६१६ साली गोव्यात 'ख्रिस्तपुराण' छापलं ते मराठी ओवीत. 'जैसी हरळांमाजी रत्नकिळा' म्हणत मराठीचं कौतुक करणारा तोच. त्याला कुणी चोर म्हणत नाही.

उलटतपासणी:
ताई, तुमचा अनुभव मी नाकारत नाही. पण स्टीफन्सच्या ग्रंथाच्या नावातच 'ख्रिस्त' आहे. वाचणाऱ्याला पहिल्या पानापासून ठाऊक असतं आपण काय वाचतोय. माझा मुद्दा तेवढाच आहे.

शब्दवेल्हाळ:
'रूपककथा' हा शब्द अशा चर्चांत फार सैल वापरला जातो, आणि अर्धा वाद त्यातूनच उभा राहतो. नाथांचं विंचवाचं भारूड घ्या. 'काम क्रोध विंचू चावला'. तिथे विंचू म्हणजे कामक्रोधच. अर्थ कळला की विंचवाचं काम संपलं, त्याच्या नांगीचा रंग कुणी विचारत नाही. हे खरं रूपक.

लुईस स्वतः नार्नियाला रूपक म्हणायला तयार नव्हता. त्याचं म्हणणं असं: समजा, बोलणाऱ्या प्राण्यांचं एक जग आहे आणि देवाचा पुत्र आपल्या जगात माणूस झाला तसा तिथे सिंह झाला, तर काय घडेल? म्हणजे अस्लन हा येशूसाठी वापरलेलं चिन्ह नाही, त्या कल्पनेतला तो सिंहच आहे. त्याचा श्वास गरम आहे, पंजे मखमली आहेत, उन्हात तो मुलींशी पकडापकडी खेळतो. चिन्ह असं खेळत नाही. आपल्याला हे अवघड जाऊ नये, खांबातून निघालेल्या नरसिंहाची गोष्ट ऐकतच आपण वाढलो.

तो असंही सांगतो की, सुरुवात कुठल्याही शिकवणीनं झाली नाही. बर्फाळ रानात छत्री आणि पुड्या घेऊन चाललेला एक फॉन (अर्धा माणूस, अर्धा बोकड), हे चित्र त्याच्या डोक्यात सोळाव्या वर्षापासून होतं. पुस्तक आलं १९५०मध्ये, तो पन्नाशी ओलांडल्यावर. पहारेकऱ्यांना चुकवून धर्म शिकवायला बसलेला माणूस छत्रीवाल्या फॉनपासून सुरुवात करणार नाही.

(आणि कृपा करून वाचनक्रम बदलू नका. हल्लीच्या आवृत्त्यांवर 'मॅजिशियन्स नेफ्यू'ला पहिला क्रमांक असतो. ते सहावं आलेलं पुस्तक आहे. कपाटाचं लाकूड कुठून आलं आणि बर्फात दिव्याचा खांब कसा उगवला हे आधीच सांगून टाकलं, तर कपाट उघडण्यात काय उरलं?)

माळरान:
मी नास्तिक आहे आणि मला ही पुस्तकं प्राणप्रिय आहेत. 'सिल्व्हर चेअर'मध्ये हिरवी चेटकीण जमिनीखाली धुपाचा धूर करून, तारा छेडत सगळ्यांना पटवत राहते की सूर्य नाही, अस्लन नाही, तुम्ही दिवा पाहिलात आणि सूर्य कल्पिलात. तेव्हा सदा रडगाणं गाणारा पडलग्लम अनवाणी पायानं ती आग तुडवतो. पाय भाजतो आणि डोकं ताळ्यावर येतं. मग तो म्हणतो, समजा अस्लन नसलाच, तरी मी त्याच्याच बाजूचा. देव न मानणाऱ्याला हे वाक्य का भिडावं, हे मी वीस वर्षं स्वतःला विचारतोय.

वाळवण, तुम्ही विचारलेल्या चार हातांबद्दल मात्र कुणी बोलतच नाहीये.

वसईची पोर:
बोलते. टॅश मला आवडत नाही. कॅलोरमेनही नाही. लुईसनं अरबी सुरस कथांमधला पूर्वेकडचा देश उचलला आणि त्याला शत्रू केलं. शेवटच्या पुस्तकात बुटके त्या लोकांना रंगावरून हिणवतात, ते तर वाचवत नाही. बुटके वाईट वागतात म्हणून ते तसं बोलतात, हा बचाव मला पुरेसा वाटत नाही. पण अराविस विसरू नका. 'हॉर्स अँड हिज बॉय'ची नायिका कॅलोरमेनचीच आहे, धीट आहे, घोड्यावर मांड ठोकून पळून येते आणि पुढे नार्नियाशेजारच्या आर्चनलँडची राणी होते. आणि 'प्रिन्स कॅस्पियन'मधले आक्रमक तेल्मारी आपल्याच जगातल्या चाच्यांचे वंशज आहेत, कॅलोरमेनचे नव्हेत.

आणि एमेथ. वाळवण, तुम्ही वाचलंय, इतरांसाठी लिहिते. हा तरुण कॅलोरमेनी शिपाई जन्मभर मनापासून टॅशची भक्ती करतो. शेवटी दार ओलांडतो तर समोर अस्लन. त्याला वाटतं, आता मरण. सिंह त्याच्या कपाळाला जीभ लावतो आणि म्हणतो, ये बाळा. टॅशची म्हणून तू जी सेवा केलीस ती मला पोचली. लेकीला हे प्रकरण नक्की वाचून दाखवा.

शब्दवेल्हाळ:
एमेथ हा हिब्रू शब्द आहे, अर्थ 'सत्य'. आणि अस्लन हा तुर्की शब्द, अर्थ 'सिंह'. कॅलोरमेनवाल्यांना ज्यांच्यासारखं रंगवलं, त्यांच्याच भाषेतून त्यानं आपल्या देवाचं नाव घेतलं.

मला तिथे गीतेतला नववा अध्याय आठवतो. 'येऽप्यन्यदेवता भक्ता यजन्ते श्रद्धयान्विताः। तेऽपि मामेव कौन्तेय...'

उलटतपासणी:
पुढचा शब्दही लिहा की. 'यजन्त्यविधिपूर्वकम्'. दुसऱ्या देवाला भजणारा मलाच भजतो, पण चुकीच्या रीतीनं. ज्ञानेश्वरीत त्यावर दृष्टांत आहे: फांद्या, पालवी एकाच बीजाची हे खरं, पण पाणी घालायचं ते मुळालाच. तरी तिथे फांद्या त्याच झाडाच्या आहेत. लुईस तेवढंही मानत नाही. तू आणि टॅश एकच आहात का, असं एमेथनं विचारल्यावर अस्लन डरकाळी फोडतो. म्हणतो, आम्ही एकमेकांच्या उलट आहोत, म्हणूनच तुझी चांगली सेवा माझ्याकडे आली. म्हणजे एमेथ तरतो, पण त्याचा देव राक्षसच ठरतो. एमेथच्या आईनं त्याला लहानपणी ज्याच्यापुढे हात जोडायला शिकवलं, तो देव. मला ही माया अर्धी वाटते.

माळरान:
मी ते प्रकरण इतक्यांदा वाचलं, पण एमेथच्या आईचा विचार कधी केला नव्हता. आता पुन्हा वाचावं लागेल.

वाळवण:
सगळ्यांचे आभार. काल रात्री पुस्तक संपलं, सगळं वाचलं, काही गाळलं नाही.

टॅश आला तेव्हा तिनं विचारलंच. मी म्हटलं, लिहिणाऱ्याला आपली देवी माहीत नव्हती, त्याला फक्त भीती वाटेल असं काहीतरी करायचं होतं. ती म्हणाली, 'मग त्याला दोनच हात द्यायचे ना, दोन हातांचेपण वाईट असतात.' एमेथचं प्रकरण तिनं दोनदा वाचायला लावलं. वसईची पोर, तुमच्यामुळे 'कपाळाला जीभ लावतो' तिथे मी जरा थांबून वाचलं.

शेवटी कळतं की आगगाडीच्या अपघातात सगळे गेले, पीटर, एडमंड, लूसी, त्यांचे आईबाबाही. ते सगळे अस्लनच्या देशात पोचलेत. त्यावर ती उठून बसली. 'आणि सुसान? तिला कुणी सांगितलं? तिच्याजवळ आता कोण आहे?' पुस्तकात ते नाही. मी दिवा मालवला, पण ती बराच वेळ जागी होती.

शब्दवेल्हाळ:
एका मुलानं हेच लुईसला विचारलं होतं. १९५७मध्ये त्यानं उत्तर लिहिलं की, सुसान अजून आपल्या जगात जिवंत आहे, तिच्यापुढे सुधारायला भरपूर वेळ आहे, आणि कदाचित शेवटी ती आपल्या वाटेनं अस्लनच्या देशात पोचेलही. लेकीला सांगा.

उलटतपासणी:
हे पत्र आहे, पुस्तकात आलेलं नाही. त्या मुलीनं विचारलं ते तिच्याजवळ आता कोण आहे, सुधारणार का ते नाही.

वाळवण:
पत्राचं सकाळी डबा भरताना सांगितलं. ती म्हणाली, आपण लिहू. वहीत पहिली ओळ लिहून शाळेत गेली आहे: 'सुसान घरी आली तेव्हा दार उघडायला कोणी नव्हतं.'