मदत हवी आहे: २०० एमबीपीएस प्लॅनसाठी कोणता राउटर घ्यावा?

नमस्कार मंडळी. इंदिरानगर, नाशिक. फायबरचा २०० एमबीपीएस प्लॅन आहे, पण लॅपटॉप केबलने जोडला तरी स्पीड ९४च्या वर सरकत नाही. जुन्या राउटरचे पोर्ट फास्ट इथरनेटचे, म्हणजे १०० एमबीपीएसचे आहेत. ओएनटीला (फायबर घरात येते तो कंपनीचा डबा) थेट लॅपटॉप लावून पीपीपीओई डायल केलं (कंपनीच्या यूजरनेम-पासवर्डने लॉगिन) की पूर्ण २०० मिळतात, तेव्हा लाइन ठीक आहे. (कॅट ५ई नेटवर्क केबलमधली निळ्या किंवा तपकिरी तारांची जोडी तुटली तरी असाच आकडा दिसतो, म्हणून केबल आधीच बदलून पाहिली.)

नव्या राउटरचे वॅन (इंटरनेट आत येण्याचा) आणि लॅन (घरातली उपकरणं जोडण्याचे) असे सगळे पोर्ट गिगाबिट (१००० एमबीपीएस) हवेत, सोबत ड्युअल बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही) आणि वाय-फाय ६. बजेट ४००० रुपये. खरी काळजी मागच्या खोलीची: हॉलपासून दोन भिंती ओलांडून ५ गिगाहर्ट्झ पोहोचेल का? २.४ गिगाहर्ट्झवर १, ६, ११ हे तिन्ही चॅनेल शेजारच्या नेटवर्कनी भरलेले आहेत.

टीपी-लिंक आर्चर एएक्स२३ हा राउटर कोणी वापरतंय का? रेंज कशी आहे? की मागच्या खोलीपर्यंत कॅट ६ केबल ओढून तिथे वेगळा ॲक्सेस पॉइंट (केबलवरून वाय-फाय देणारं उपकरण) लावणं बरं? एक्स्टेंडर (वाय-फाय सिग्नल पकडून पुढे पाठवणारं उपकरण) नको, एकाच रेडिओवर घेणं-देणं झालं की स्पीड साधारण निम्मा होतो.