आधी माणसं की आधी बस?

नकाशेवाला (धागाकर्ता)

नव्या वसाहतीत सगळ्यात शेवटी काय येतं? बस. पाणी, वीज, रस्ता नसेल तर घर विकताना अडतं. बसवाचून काहीच अडत नाही. मग लोक राहायला येतात. पहिल्या सहा महिन्यांत दुचाकी येते, दीड वर्षात चारचाकीचा हप्ता सुरू होतो आणि दोन वर्षांनी बस येते ती रिकामीच धावते. आणखी वर्षभराने 'प्रतिसाद नाही' असा शेरा मारून तीही बंद.

म्हणून माझं म्हणणं असं, की जिथे वस्ती वाढणार हे दिसतंय तिथे वाहतूक आधी न्या. आणि पैसे त्या जमिनीतूनच काढा, जिचा भाव वाहतुकीमुळे चढतो. हाँगकाँगमध्ये रेल्वे कंपनीला स्थानकं आणि डेपोंवरच्या जागेचे बांधकाम-हक्क रेल्वे येण्याआधीच्या भावाने मिळतात. भाव चढला की त्यातला वाटा मार्गाच्या खर्चाला लागतो. कोपनहेगनचा १९४७ चा आराखडा तर हाताच्या पंजासारखा होता. बोटांवर रेल्वे आणि वस्ती, बोटांच्या मधे मोकळी जमीन. बाकी बहुतेक ठिकाणी उलटं चालतं. जमीन स्वस्त तिथे घरं, आणि घरांमागे धापा टाकत रस्ता.

कोणाला पटत नसेल तर मुद्दा खोडा.

वहीखाते

खोडतो. 'वस्ती वाढणार हे दिसतंय' असं तुम्ही लिहिलंत. कोणाला दिसतंय? डॅनिश संशोधक बेंट फ्लिव्हबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००५ साली १४ देशांतल्या २१० वाहतूक प्रकल्पांचे अंदाज तपासले होते. रेल्वे प्रकल्पांत प्रत्यक्ष चढलेले प्रवासी अंदाजाच्या सरासरी निम्मेच भरले. रस्त्यांचेही निम्मे अंदाज वीस टक्क्यांहून जास्त चुकले. आकडा मांडणाऱ्यालाच प्रकल्प मंजूर व्हायला हवा असतो, मग आकडा फुगणार नाही तर काय?

आणि कोपनहेगनची गोष्ट अर्धीच सांगितलीत. १९९२ च्या कायद्याने तिथे ऑरेस्टाड भागातली जमीन विकून मेट्रोचा खर्च भागवायचं ठरलं. मेट्रो २००२ मध्ये सुरू झाली, पण जमीन धरलेल्या वेगाने खपली नाही आणि कर्जफेड लांबली. जमिनीचा भाव चढेलच यावर अख्खा प्रकल्प उभा करणं ही पैज आहे. हरलात तर भरपाई अशी माणसं करतात जी त्या मेट्रोत कधी बसणारही नाहीत.

तिरकस

भाव चढायला स्थानक लागतंच कुठे? जाहिरातीत 'प्रस्तावित स्थानक' छापलं की पुरे. गाडी येईपर्यंत बिल्डरची दोन मुलं शिकून परदेशी जातात.

नकाशेवाला

@तिरकस, हेच तर म्हणतोय! तो चढलेला भाव आज फुकट खिशात जातो. त्यातला थोडा मागायला लाज कसली?

चौथा गिअर

सगळे बस आणि रेल्वेवरच का बोलताय? माणसं गाडी हौसेने घेत नाहीत. म्हाताऱ्या आईला दवाखान्यात न्यायचंय, सामान आहे, दोन मुलं दोन दिशांना. आणि तुमच्या दुकानातला माल काय मेट्रोने येतो? रस्ते रुंद करा, पूल बांधा. त्याचे पैसे इंधनावरच्या करातून आम्ही भरतोच आहोत.

नकाशेवाला

अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या केटी फ्रीवे या महामार्गाचं रुंदीकरण २००८ मध्ये पूर्ण झालं. बाजूचे रस्ते धरले तर काही टप्प्यांत २६ मार्गिका भरतात. थोडे दिवस सुख झालं आणि काही वर्षांत गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा लांबला. रस्ता मोकळा दिसला की लोक त्याच्या भरवशावर आणखी लांब राहायला जातात.

चौथा गिअर

लांब राहायला जातात म्हणजे त्यांना तिथे परवडणारं घर मिळतं. हा तोटा कसा झाला ते समजावून सांगा. रस्ता भरला याचा अर्थ तो लोकांच्या उपयोगी पडला. रेल्वे गच्च भरली की यश आणि रस्ता भरला की अपयश, हा कुठला न्याय?

*(माझा प्रश्न रास्त आहे. उत्तर देताना 'रस्त्यावर जागा जास्त लागते' एवढंच लिहू नका, ते मलाही ठाऊक आहे.)*

रोजची अपडाउन

मी तज्ज्ञ नाही, रोज दीड तास जाणारी आहे. माझी लोकल ६:४२ ला येते. स्थानकाबाहेरची बस ६:४० ला सुटते. जिना उतरताना ती वळणावर दिसते, मागचे दोन लाल दिवे. पुढची ७:३५ ला. एकदा चालकाला विचारलं, दोन मिनिटं थांबत का नाही? म्हणाला, ताई, उशीर झाला की नोंद माझ्या नावावर होते, आणि रेल्वेचं वेळापत्रक आम्हाला कोणी पाठवत नाही.

दोघांचे खर्च वेगळे, तिकिटं वेगळी, साहेब वेगळे. कोट्यवधींचं नंतर बघा, आधी या दोघांना एका टेबलाशी बसवा. हॅम्बुर्गने १९६५ मध्येच वेगवेगळ्या वाहतूक संस्थांची मोट बांधली आणि पुढे एकच तिकीट केलं. त्याला बोगदा खणावा लागत नाही.

शेवटची फेरी

@रोजची अपडाउन, तुमचा चालक खरं बोलला. मी अनेक वर्षं बसची वेळापत्रकं बसवली आहेत, दोन गोष्टी सांगतो.

एक. काटकसर करा म्हटलं की पहिली कात्री रात्रीच्या शेवटच्या फेरीवर चालते. आमच्या एका मार्गावर ती ९:५० ला होती. चढायचे किती? चारपाच. एक नर्स, दोन पहारेकरी, एखादा क्लासचा मुलगा. काढली. तीन महिन्यांत त्याच मार्गाची संध्याकाळची गर्दीही उतरली. ज्याला परत यायला उशीर होऊ शकतो, तो सकाळी जातानाच स्वतःची गाडी काढतो. कागदावर एका फेरीचा खर्च वाचवला, प्रवासी मात्र चारपेक्षा कितीतरी जास्त गमावले.

दोन. @नकाशेवाला, जमिनीचे पैसे एकदाच येतात, चालकाचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो. फीत कापायला सगळे येतात. टायर, सुटे भाग आणि डेपोतल्या रात्रपाळीसाठी कोणी भाषण करत नाही. तिकिटाच्या पैशांत रोजचा खर्च भागवणाऱ्या सेवा जगात मोजक्या आहेत. तुमच्या धाग्यात बांधायचं कसं ते आहे, चालवायचं कसं ते नाही.

नकाशेवाला

बोचलं, पण बरोबर आहे. मग दर महिन्याचा पैसा कुठून आणायचा ते बघू. पॅरिस भागात १९७१ पासून ठरावीक संख्येपेक्षा जास्त कर्मचारी असलेल्या मालकांकडून पगारांवर वाहतूक-वर्गणी घेतात. कामगार वेळेवर पोचला तर फायदा मालकाचाही होतोच. लॉस एंजेलिस परगण्यात २००८ साली मतदारांनी विक्रीकर अर्ध्या टक्क्याने वाढवायला होकार दिला. त्याला दोन तृतीयांश मतं लागत होती. २०१६ मध्ये आणखी अर्धा टक्का, तोही मुदतीशिवाय. काय मिळणार हे आधी दाखवलं तर लोक स्वतःवर कर लावून घेतात.

वहीखाते

विक्रीकर हातावर पोट असणाऱ्याला सगळ्यात जास्त लागतो, कारण त्याची कमाई सगळी खर्चातच जाते. म्हणजे बसने जाणाऱ्यानेच बसचे पैसे दोनदा भरायचे. आणि पगारावरची वर्गणी एकाच शहराने लावली तर कंपन्या हद्दीपलीकडे जातील. प्रवास तोच, वर्गणी शून्य. लावायची तर पूर्ण प्रदेशाला लावा, पण तेवढा अधिकार असलेलं मंडळ असतं कुठे?

त्यापेक्षा गर्दीच्या वेळी रस्ता वापरणाऱ्याकडून घ्या. स्टॉकहोमने २००६ मध्ये अशा शुल्काची सात महिने चाचणी घेतली, शुल्क-हद्दीवरची वाहनं साधारण एक पंचमांशाने घटली, मग सार्वमत झालं आणि २००७ पासून शुल्क कायम. आधी नाकं मुरडणारेही नंतर बाजूने झाले.

चौथा गिअर

म्हणजे फिरून आमच्याच खिशात हात. ज्याच्या दारात बसच येत नाही त्याने शुल्क द्यायचं आणि ज्याच्या दारात येते त्याने मजा करायची?

शेवटची फेरी

याबाबतीत मी चौथा गिअरच्या बाजूने. स्टॉकहोमने चाचणीच्या काही महिने आधीच बसफेऱ्या वाढवल्या होत्या, लंडनने २००३ ला शुल्क लावतानाही जादा बसगाड्या रस्त्यावर होत्या. आधी पर्याय, मग पावती. हा क्रम उलटा केला तर ती वसुली.

नकाशेवाला

ठीक, मी माझी मांडणी बदलतो. रेल्वेची जागा आजच आखून राखीव ठेवायची, कारण इमारती उठल्यावर ती मिळत नाही. रूळ मात्र लगेच टाकायचे नाहीत. घरांच्या किल्ल्या देतात त्या दिवसापासून बस, दर १५ मिनिटांनी, रिकामी असली तरी. प्रवासी खरंच वाढले तर रूळ. @वहीखाते, यात तुमचा अंदाजांचा आक्षेप बराचसा मिटतो ना? अंदाज चुकला तर बस दुसऱ्या मार्गावर लावता येते.

वहीखाते

जागा राखणं मान्य. बसही मान्य. पण 'रिकामी असली तरी' हे शब्द दुसऱ्याच वर्षी अंदाजपत्रकात मरतात, वर शेवटची फेरी यांनी सांगितलंच आहे. म्हणून अट अशी, की बिल्डरने बांधकामाच्या परवानगीआधीच त्या मार्गाचा दहा वर्षांचा चालवण्याचा खर्च वेगळ्या खात्यात भरायचा, आणि त्या खात्याला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही.

तिरकस

आणि बिल्डर तो खर्च घराच्या किमतीत घालणार नाही, हे कोण बघणार? मी?

वहीखाते

घालेल. घालू दे. दुसऱ्या गाडीच्या हप्त्यापेक्षा ते स्वस्त पडेल.

नकाशेवाला

दहा वर्षं जास्त होतात. पाच धरा.

शेवटची फेरी

सात. आणि त्यात ९:५० ची फेरी धरूनच.