मदत हवी आहे : मिरचीतील कॅप्सेसिन आणि चरबीचे ज्वलन

नमस्कार. मिरचीला तिखटपणा देणारे कॅप्सेसिन हे संयुग बियांपेक्षा त्यांना धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या गरात अधिक असते आणि ते जिभेवरील टीआरपीव्ही१ या रिसेप्टरला (उष्णता व वेदना ओळखणाऱ्या ग्राहीला) चेतवते, इथपर्यंत मला समजले आहे. हाच रिसेप्टर सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या उष्णतेनेही जागा होतो. म्हणूनच तिखट खाल्ल्यावर तोंड भाजल्यासारखे वाटते आणि कपाळावर घाम फुटतो.

याला चरबीच्या ज्वलनाशी जोडणारा पुढचा दुवा मात्र मला जुळवता येत नाही. या चेतनेमुळे नॉरअ‍ॅड्रेनॅलिन हे संप्रेरक स्रवते, तपकिरी मेदपेशींतील (उष्णता निर्माण करणाऱ्या चरबीच्या पेशींतील) यूसीपी१ हे प्रथिन सक्रिय होते आणि अन्नातील ऊर्जा साठण्याऐवजी उष्णतेच्या रूपाने खर्च होते, असे स्पष्टीकरण दिले जाते. परंतु प्रौढांमध्ये तपकिरी मेद मुळातच थोडा असतो. मग हा खर्च वजनात फरक पडण्याइतका असतो का? शिवाय वारंवार संपर्काने हा रिसेप्टर बोथट होतो, तेव्हा नेहमी तिखट खाणाऱ्यांमध्ये हा परिणामही ओसरतो का?

माझ्या आईला आम्लपित्ताचा जुना त्रास आहे आणि वजन उतरावे म्हणून ती कॅप्सेसिनच्या गोळ्या सुरू करण्याच्या विचारात आहे, त्यामुळे मला खरोखर काळजी वाटते. कॅप्सेसिनसारखीच पण तिखट नसलेली कॅप्सिनॉइड संयुगे तिच्यासाठी अधिक सोसवणारी ठरतील का, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.