बाकरवडीच्या रांगेत भेटले, तर 'अ‍ॅक्सिडेंटली' का?

उसळपाव: काल क्लायंटला मेल लिहिला, 'आय अ‍ॅक्सिडेंटली मेट युअर मॅनेजर इन पुणे.' साहेब हसत सुटले, "धडकलास की काय त्यांना?" अहो, बाकरवडीच्या रांगेत भेटले होते! मग लिहायचं काय? कोइन्सिडेंटली, इन्सिडेंटली, रँडमली... मला सगळे सारखेच.

जुनीवही: तसं चूक नाही हो, पण त्या शब्दाला 'चुकून'चा वास येतो. मेल चुकून डिलीट होतो, माणूस योगायोगाने भेटतो. 'बाय चान्स' लिहा. 'कोइन्सिडेंटली'ला दोन गोष्टी जुळाव्या लागतात: तुम्ही त्यांनाच फोन लावताय आणि ते समोर उभे! 'इन्सिडेंटली' म्हणजे बहुतेक वेळा आपलं 'बरं का, जाता जाता'. वीस वर्षं शिकवलं, ही गल्लत दर वर्षी पेपरात असायचीच.

उसळपाव: आणि 'हॅफझर्डली'? मॅडम, तुम्ही आहात तोवर विचारून घेतो.

जुनीवही: हॅफ नाही, हॅप-हॅझर्डली! म्हणजे माझं साड्यांचं कपाट. कसंही कोंबलेलं. 'हॅप' म्हणजे नशीब. 'हॅपन', 'परहॅप्स' त्याच घरातले.

सांजवारा: 'सेरेंडिपिटसली' राहिलं की! शोधायला जावं एक आणि हाती लागावं भलतंच छान. सेरेंडिप हे श्रीलंकेचं जुनं नाव. त्यावरून होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकाने १७५४ साली एका पत्रात 'सेरेंडिपिटी' शब्द घडवला.

उसळपाव: साहेबांपुढे हा उच्चारताना जीभच अ‍ॅक्सिडेंटली चावली जायची. 'बाय चान्स' बरं.