जिनिंगमधलं 'जिन'
जिनिंग म्हणजे कापसातून सरकी (बी) वेगळी काढणं. त्यातलं 'जिन' दारूच्या नावावरून आलं, असं कुणी म्हणतं, ते पटत नाही. दारूची जिन डच 'येनेव्हर'वरून आली, म्हणजे ज्युनिपरच्या फळांवरून. कापसाचं जिन हा 'इंजिन'चाच तुकडा. मूळ लॅटिन 'इंगेनियम', म्हणजे अंगची हुशारी. मध्ययुगीन इंग्रजीत 'जिन' म्हणजे युक्ती, सापळा, मग यंत्र. कापसाच्या जिनचं पेटंट अमेरिकेतल्या एली व्हिटनीला १७९४ मध्ये मिळालं, शब्द त्याच्या कितीतरी आधीचा.

आणखी एक. व्हिटनीच्या यंत्रात तारेचे दात होते. आमच्या जळगावकडच्या जिनांत बहुतेक ठिकाणी चामड्याचे रोलर फिरतात, पात्याशी रुई ओढली जाते आणि सरकी खाली गळते. म्हणजे 'जिन' म्हटल्यावर अमेरिकन माणसाच्या डोळ्यासमोर वेगळंच यंत्र येणार.